पायाखाली काय असणार?

माझ्या दुकानात ‘कुठे’ हा शब्द चालत नाही. तशी पाटी लावलेली नाही, पण नियम सासऱ्यांच्या वेळेपासूनचा आहे. गळ-दोरी घेऊन निघालेल्या माणसाला ‘कुठे चाललात?’ असं विचारायचं नाही. तसं आपल्याकडे घराबाहेर पडणाऱ्या कुणालाच कोणी असं विचारत नाही, काम होत नाही म्हणतात. पण मासे धरायला निघालेला माणूस या बाबतीत फारच हळवा असतो. लग्न होऊन आले तेव्हा इथेही तोच नियम असेल हे माझ्या लक्षात आलं नाही. वेसाव्याचे एक कोळीकाका गळांची पुडी घेऊन निघाले होते. मी आपलं कौतुकाने विचारलं, “कुठे आज?” काका थांबले. पुडी परत काउंटरवर ठेवली, बाकड्यावर बसले, चहा मागवून प्यायले, आणि मग जणू आत्ताच घरातून निघतोय अशा थाटात पुडी उचलून गेले. सासरे मला म्हणाले, “गो, तुझ्या गावात असाच इचारतत काय?” माझं गाव देवगडकडचं, खाडीच्या काठावरचं. तिथेही असं विचारत नाहीत. पण तिथे मी निघणाऱ्यांतली होते, विचारणाऱ्यांतली कधी नव्हते.

दुसरं कारण मात्र शकुन-अपशकुनाचं नाही, सरळ मतलबाचं आहे. आमच्याकडे गळाला गरी म्हणतात आणि गळ टाकून मासे धरण्याला गरवणं. आपली जागा सख्ख्या भावाला सांगणारा गरवणारा मी अजून पाहिलेला नाही. ‘कुठे’ विचारलं की माणूस खोटं बोलणार. मढला जायचं असेल तर गोराई सांगणार, गोराईला जायचं असेल तर घरीच आहे म्हणणार. खोट्या पत्त्यावर खरं सामान कसं द्यायचं? आणि आमच्या धंद्यात तर सगळं सामान जागेवर ठरतं. डॉक्टरला सांगावं, औषध द्या, पण कुठे दुखतंय ते विचारू नका, तशातली गत.

म्हणून मी माझा एक प्रश्न शोधून काढला. गिऱ्हाइकाला विचारायचं, “पायाखाली काय असणार?” वाळू, खडक, चिखल की धक्क्याचं काँक्रीट, एवढंच त्याने सांगायचं. यात गुपित फुटत नाही, आणि मला हवं ते बहुतेक सगळं कळतं. वाळू म्हणजे पाणी उथळ, मासा लांब. चिखल म्हणजे खाडी, समोर तिवरांची झाडी. खडक म्हणजे पाणी खोल, मासा त्या मानाने जवळ, आणि लाट त्याहून जवळ.

दुकान वाकोल्यात आहे. इथून समुद्र दिसत नाही, वासही येत नाही. विमानं मात्र डोक्यावरून जातात, आणि विमान आलं की बोलणं अर्ध्यावर थांबवून ते गेल्यावर पुढे सुरू करायचं, ही आम्हा सगळ्यांचीच सवय. गिरणी बंद पडल्यावर सासऱ्यांनी हे दुकान टाकलं. तेव्हा नायलॉनची दोरी, शिशाची वजनं, गळ आणि जाळं शिवायचा दोरा एवढाच माल असायचा. आमच्या ह्यांना सरकारी नोकरी लागली आणि माशाशी त्यांचा संबंध ताटापुरता उरला. सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हा काउंटरवर मी बसले. पुष्कळ वर्षं लोक आत येऊन म्हणायचे, “भाऊ नाहीत का?” मी म्हणायचे, “भाऊ ऑफिसात. गळ माझ्याकडे.” मग ते एखादी साधी वस्तू मागून माझी परीक्षा घ्यायचे. खाडीत वडिलांच्या शेजारी बसून मी गळाने तांबोशी मासे काढलेले होते, पण हे प्रत्येकाला सांगत बसले नाही. वस्तू दिली की तेच गप्प व्हायचे.

पुढे ल्युअरचा जमाना आला. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना हा शब्द नवा असेल, म्हणून सांगते. ल्युअर म्हणजे खोटा मासा. लाकडाचा, प्लॅस्टिकचा, पोटाखाली गळ टांगलेला. तो फेकायचा आणि दोरी गुंडाळत असा ओढायचा, की पाण्यातल्या मोठ्या माशाला वाटावं, लहान मासा जीव घेऊन पळतोय. काही ल्युअर पाण्याखाली पोहतात, काही पाण्याच्या वर तरंगतात. मला वरच्या आवडतात. त्यांत एक तोंड पोकळ असलेली, ओढली की ‘पॉप’ आवाज करून पाणी उडवणारी, तिला पॉपर म्हणतात. दुसरी पेन्सिलीसारखी सडपातळ, ती डावीउजवीकडे झोकांड्या खात येते. वरच्या ल्युअरची मजा अशी, की मासा ती घ्यायला येतो तेव्हा दिसतो. पाणी फुटतं आणि आपल्या छातीत धस्स होतं. मासा मिळाला नाही तरी त्या दिवशी माणूस चांगल्या मूडमध्ये घरी जातो, हे मला गिऱ्हाइकांच्या बायकांनी सांगितलेलं आहे.

एक कोळीण मावशी नवऱ्यासाठी गळ न्यायला यायच्या. त्यांनी काचेतली पॉपर पाहिली आणि विचारलं, “यो काय गो?” मी समजावून सांगितलं. त्यांनी कंबरेवर हात ठेवला. “खोटा म्हावरा टाकून खरा म्हावरा धरताव? आनि तो धरून परत सोरून देताव?” म्हटलं, हो मावशी, काहीजण सोडूनही देतात. मावशी बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, “बरा हाय. आमी खऱ्याला खरा देताव, तवा आमची ही गत.” तेव्हा मीही हसले होते. दर हंगामाला त्यांच्या नवऱ्याचं जाळं हलकंच वर येतं हे मला ठाऊक होतं, त्यामुळे नंतर हसू आलं नाही.

आता धंद्यातली खरी गोष्ट. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “वहिनी, छोटी द्या, लांब जाणारी द्या, आणि वर तरंगणारी द्या.” ऐकायला सोपं वाटतं, पण या तिघींचं आपसांत पटत नाही. लांब जायची तर अंगात वजन हवं. वजन भरलं की ती बुडते. तरंगायची तर पोटात हवा हवी, आणि हवा भरायला जागा हवी म्हणून आकार वाढतो. आकार वाढला की वारा तिला धरतो आणि ती अर्ध्या वाटेत पाण्यात पडते. त्यात मासा जेव्हा बारक्या मांदेलीच्या मागे लागलेला असतो तेव्हा तो हातभर ल्युअरकडे बघतही नाही. जेवणाच्या पंगतीत एकदम अख्खा कोहळा आणून ठेवला तर कोण खाईल?

तर निवडायची कशी? मी ल्युअर आधी कानाशी धरून हलवते. गिऱ्हाइकांना वाटतं, वहिनी खुळखुळा किती वाजतो ते बघतायत. ज्या छुनछुन वाजतात त्या मी बाजूला ठेवते. चांगल्या ल्युअरच्या पोटात एक नळी असते आणि नळीत एक पोलादी गोळी. फेकताना ती गोळी शेपटाकडे धावते आणि अख्खी ल्युअर शेपटी पुढे करून बाणासारखी जाते. ती गोळी ‘टक’ असा एकच जाड आवाज करते. तो ऐकू आला की मग बादली. काउंटरच्या खाली माझी पाण्याची बादली कायम भरलेली. ल्युअर पाण्यात सोडायची आणि बघायचं, आडवी पडून तरंगते, की शेपूट खाली टाकून नाक वर काढते. आडवी पडली तर वजन मध्ये आहे, हवेत कोलांट्या खाणार. नाकापुरती वर राहिली तर घ्यायची. रंगाचं म्हणाल तर रंग गिऱ्हाइकासाठी असतो. खालून बघणाऱ्या माशाला पाठीवरची नक्षी दिसतच नाही, पण माझ्या काचेतून ती छान दिसते, आणि विकली जाते तीच.

एक साहेब अंधेरीहून यायचे, ल्युअरच्या डोळ्यांवर जाऊन खरेदी करायचे. “हिचे डोळे बघा वहिनी, किती बोलके आहेत.” मी दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. ते मासे कमी धरायचे आणि ल्युअर कपाटात लावून ठेवायचे. सुखी माणूस. अशा गिऱ्हाइकांवरच दुकानं चालतात.

पण सगळेच असे कपाटात लावणारे नसतात. एक तरुण गिऱ्हाईक होतं. त्याचं नाव सांगत नाही, घरचे लोक आहेत. कायम घाईत असायचा, चप्पल घालून खडकावर जायचा, मी ओरडले की “काय वहिनी, तुम्ही पण ना” म्हणून हसायचा. एका सकाळी तो गेला आणि नंतर त्याचा फक्त रॉड सापडला, खडकाच्या फटीत उभा अडकलेला. काही आठवड्यांनी त्याची बायको दुकानात आली. तिने विचारलं, शेवटी त्याने तुमच्याकडून काय घेतलं होतं? मी तशीच एक पॉपर काढून दिली, अंगठ्याएवढी. तिने ती तळहातावर ठेवून पाहिली आणि म्हणाली, “एवढ्यासाठी?” मग ती काउंटरवर ठेवून निघून गेली. ती पॉपर मी पुन्हा काचेत लावली नाही.

त्यानंतर मी या गोष्टीचा फार विचार केला. खडकावरचा माणूस वेडेपणाने पुढे जात नाही. मासा नेहमी त्याच्या फेकीच्या जरासा पलीकडे उड्या मारत असतो. तो एक पाऊल पुढे सरकतो. फेकतो, पुन्हा कमी पडते, आणखी एक पाऊल. एक पाऊल पुढे गेल्याने फेक एका पावलानेच वाढते, हे लहान पोरालाही कळेल. पण समोर पाणी उकळत असताना मोठ्या माणसाला कळत नाही. कोरडा खडक संपतो, काळा ओला खडक संपतो, आणि शेवटी हिरवं शेवाळ सुरू होतं. ‘पायाखाली काय असणार’ हा प्रश्न तोवर मी ल्युअर निवडण्यासाठी विचारत होते. तेव्हापासून माणसासाठी विचारू लागले. ‘खडक’ असं उत्तर आलं, की मी खालच्या खणातून लांब जाणाऱ्या काढते. गिऱ्हाइकाला वाटतं, वहिनी जास्त मासे मिळावेत म्हणून खटपट करतायत. वाटू दे.

अशीच सावंत मास्तरांची गोष्ट. मास्तर मुलुंडच्या एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. निवृत्त होऊनही आवाज मैदानावरचाच राहिला. दुकानात शिरले की समोरच्या इस्त्रीवाल्याला कळायचं. तरुणपणी भालाफेक करायचे, आणि गरवायला लागल्यावरही त्यांची फेक भाल्याचीच. उजवा हात मागे, छाती पुढे, सगळं अंग झोकून द्यायचं. त्यांना सगळ्यांत जाड रॉड हवा असायचा आणि सगळ्यांत मोठी पॉपर. मी म्हणायचे, “मास्तर, मासा धरायचाय, पाडायचा नाही.” ते म्हणायचे, “वहिनी, ताकद आहे तोवर वापरायची.”

गेल्या वर्षी मढच्या पुढच्या खडकांवर ते घसरले. (नेमकी जागा मी सांगणार नाही. सांगितली तर निम्मी गिऱ्हाइकं तुटतील.) समुद्राच्या बाजूला न पडता जमिनीच्या बाजूला पडले, म्हणून खांदा मोडण्यावर निभावलं. उजव्या खांद्यात स्टीलची पट्टी घातली. त्यानंतर काही महिन्यांनी एक बाई दुकानात आली, ऑफिसची पिशवी खांद्याला, कपाळाला आठ्या.

“सावंत मास्तर तुमच्याकडूनच सामान घेतात ना?”

“हो. आपण?”

“मी मेधा, त्यांची मुलगी. त्यांना यापुढे काही विकायचं नाही.”

मी म्हटलं, “बस तर खरी.” ती बसली नाही.

“काकू, मी सिरियसली सांगतेय. हात खांद्याच्या वर जात नाही त्यांचा. शर्टसुद्धा मी घालून देते. आणि हॉस्पिटलमधून घरी आणलं तर पहिला प्रश्न काय? माझा रॉड सापडला का! मी ऑफिसात बसलेली असते आणि फोन वाजला ना, की आधी नंबर बघते, हॉस्पिटलचा नाही ना. हे असं किती दिवस चालणार?”

“मी नाही दिलं तर मोबाइलवरून मागवतील.”

“मग काय करू, बांधून ठेवू? बांधूनच ठेवल्यासारखे झालेत ना ते. गॅलरीत बसून असतात. टीव्ही लावत नाहीत, भांडत नाहीत. बाबा भांडत नाहीत, काकू!” वरून विमान गेलं, त्यामुळे दोघींनाही जरा वेळ मिळाला. मी तिला पाणी दिलं आणि मग ती बसली.

मी विचारलं, “वाळूवर उभे राहिले तर चालेल तुला?”

“ते म्हणतात वाळूवरून काही मिळत नाही. मासा खडकाच्या टोकाशी असतो.”

“खरं आहे ते.”

“मग?”

“मग वाळूवरून टोकापर्यंत पोचायला हवं.”

मेधाने ग्लास खाली ठेवला. ती बापासारखीच, एकदा बोलली की बोलली. म्हणाली, “एकदा बघते. एकदाच. मी बरोबर येणार. एक पाऊल जरी पुढे टाकलं ना त्यांनी, तर रॉड तिथल्या तिथे कुणाला तरी देऊन टाकेन, आणि हा विषय आमच्या घरात बंद.” मला जबाबदारी घेतल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. कारण वाळूवरून त्या टोकापर्यंत धडधाकट खांद्यानेही फेकणं सोपं नव्हतं.

मास्तर आले तेव्हा त्यांचा आवाज इस्त्रीवाल्याला ऐकू गेला नाही. मी सवयीने विचारलं, “पायाखाली काय असणार?”

“वाळू,” ते म्हणाले. जणू शिक्षा ऐकवत होते.

“आणि मासा काय खातोय?”

इथे जरा जीव आला. “मी पडलो ना वहिनी, त्याच्या आधी पाणी नुसतं उकळत होतं. बारीक पिल्लं उडत होती, नखाएवढी. मोठे मासे त्यांच्यावर तुटून पडले होते आणि माझ्या पॉपरकडे ढुंकून बघत नव्हते. मला वाटलं, अजून जरा पुढे...”

“पुढे नव्हतं जायचं. लहान व्हायचं होतं.”

मी खालचा खण उघडला. एकेक ल्युअर कानाशी धरली, बादलीत सोडली. जी चांगली तरंगली ती मोठी निघाली, जी लहान होती ती आडवी पडली. शेवटी एक करंगळीएवढी पेन्सिल उरली. राखाडी, ना नक्षी ना चकाकी. पुष्कळ दिवस पडून होती, कारण तिच्यावर कुणाचा जीव जडत नव्हता. कानाशी ‘टक’ वाजली. बादलीत सोडली तर शेपूट खाली गेली आणि फक्त नाकाचा शेंडा वर राहिला. आकाराच्या मानाने इतकी जड, की आणखी एक मोहरीचा दाणा घातला असता तर बुडाली असती. मला फार आनंद झाला. या आनंदात सामील होणारं माणूस मला घरात कधी मिळालं नाही, म्हणून इथे लिहिते.

मास्तरांनी ती चिमटीत धरली. “ही? नातीच्या कंपासमध्ये शोभेल ही.”

“हिला भाल्यासारखं फेकलंत तर ही तुमच्या पायाशी पडेल. हिला बारीक, लवणारा रॉड लागतो. रॉड वाकतो आणि रॉडच फेकतो. आपण मध्ये यायचं नाही.” बारीक विणलेली दोरी दिली, शिवणाच्या दोऱ्याएवढी, आणि रीळ काठापर्यंत भरून दिलं, कारण अर्धं रिकामं रीळ दोरीला काठाशी अडवतं. मग मुख्य गोष्ट सांगितली. “उजवा हात फक्त टेकू. तो छातीच्या वर न्यायचाच नाही. डाव्या हाताने रॉडचं बूड पोटाकडे ओढायचं. झटकन.”

“डाव्याने?” मास्तरांचा चेहरा मी सांगू शकत नाही. जन्मभर उजव्या हाताच्या जोरावर उभा राहिलेला माणूस तो.

पण शिकवणारा माणूस शिकायलाही तयार असतो. मुलुंडला घराजवळच्या मैदानात, गळ काढून टाकलेली ल्युअर घेऊन ते सराव करू लागले. क्रिकेटची पोरं हसायची. फोन करून मला बातमी द्यायचे, “आज मिडऑफपर्यंत गेली.” मग एक दिवस, “वहिनी, बाउंडरी!” मेधा म्हणाली, घरात पुन्हा भांडणं सुरू झालीत. हे तिने आनंदाने सांगितलं.

थंडीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही तिघं त्याच खडकांशेजारच्या वाळूवर गेलो. मी कधी गिऱ्हाइकाबरोबर जात नाही. आमचे हे म्हणाले, “आता घरपोच सेवाही सुरू केलीस का?” पण मला राहवलं नाही. मेधाने गाडी लावली, काठी घेतली आणि कोरड्या वाळूत एक रेघ ओढली. “बाबा, ही लक्ष्मणरेषा.” मास्तर म्हणाले, “आणि रावण कोण? मी?” त्यांनी गळ्यात छोटी कात्री अडकवली, रेघेला पंजे लावून उभे राहिले, शर्यतीच्या सुरुवातीला उभं राहतात तसे.

भरती चढत होती. डाव्या हाताला खडकांची रांग पाण्यात उतरली होती, तिचं टोक लांब. तिथे कुरव पक्षी गोल फिरून खाली झेपावू लागले, आणि खाली पाणी उकळू लागलं. मास्तरांचा श्वास वाढलेला मला ऐकू येत होता. पहिल्या फेकीला उजवा हात आपोआप वर गेला. ते कळवळले, आणि ल्युअर जवळच पडली. मेधाने ओठ चावला. दुसरी फेक त्यांनी डाव्याने ओढून केली. दोरीचा सुरसुर आवाज येत राहिला, येतच राहिला, आणि कुरव होते तिथे एक बारीकसा तुषार उठला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांनी ल्युअर झोकांड्या खेळवत आणली. एकदा पाणी फुटलं, मासा चुकला. मास्तर क्षणभर थांबले, पुन्हा दोन झटके दिले. मग ते पाणी असं फुटलं, की मेधा ओरडली, “बाबा!” रॉड अर्धगोल झाला. रिळातून दोरी ओरडत सुटली. केवढा मासा होता सांगता येत नाही. एवढ्या बारीक दोरीवर तो ओढून आणायचा नसतो, दमवायचा असतो. मास्तर ते नीट करत होते. पण मासा शहाणा निघाला. तो वळला आणि खडकांच्या मागे शिरला. दोरी खडकाच्या कडेवर टेकली, आणि मला दिसलं की ती घासतेय.

अशा वेळी रॉड उंच धरायचा असतो. मास्तरांचा हात तेवढा वर जाणार नव्हता. किंवा पुढे जाऊन दोरी खडकावरून उचलायची. ते रेघ ओलांडणार नव्हते. मग ती कुणी उचलायची?

मी केव्हा चपला काढल्या आणि खडकावर चढले, मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. कोरडा खडक मागे पडला, काळा ओला मागे पडला. पुढे दोरी दिसत होती, ताणलेली, चकाकणारी, माझ्या हातापासून जराशीच लांब. अजून एक पाऊल टाकलं असतं तर आलीच असती. मागून मेधाचा आवाज आला, “काकू! काकू, मागे या!” मला तो ऐकू आला, पण तो दुसऱ्या कुणाला तरी मारलेल्या हाकेसारखा वाटला. पाय पुढे टाकला आणि तो सरकन घसरला. मी बसकण मारली, दोन्ही हात टेकले. हाताखाली हिरवं, गुळगुळीत, थंडगार. समोर लाट वर येत होती.

आणि दोरी माझ्या डोळ्यांदेखत सैल पडली, पाण्यावर उतरून वाहत गेली.

मी मागे पाहिलं. मास्तर रेघेवरच उभे होते. हातात कात्री होती. त्यांनी स्वतः दोरी कापली होती. मग त्यांनी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा आवाज लावला, “पीछे मूड!”

तो आवाज ऐकल्यावर शाळा शिकलेलं कुठलंही माणूस वळतं. मी वळले. हातापायांवर, रांगत, जसं जमेल तसं कोरड्या खडकावर आले. लाट माझ्या मागे आपटली आणि कंबरेपर्यंत भिजवून गेली. मेधाने येऊन दंडाला धरलं आणि वाळूपर्यंत सोडलं नाही.

मला भयंकर राग आला होता. स्वतःचा यायला हवा होता, पण तो निघाला मास्तरांवर. “मास्तर, जन्मात एकदा मिळतो असा मासा! सुटून आला असता हो खडकातून!”

“सुटला असता,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका शांत होता. “तुम्ही नसता सुटलात.”

मेधा बापाच्या पायांकडे बघत होती. पंजे होते तिथेच होते, रेघेला लागून. तिने हळूच त्यांच्या हातातला रॉड घेतला. आता ती तो कुणाला तरी देऊन टाकणार असं मला वाटलं, मास्तरांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी तो तिच्या हातात सोडला. तिने उरलेली दोरी नीट गुंडाळून घेतली, रॉड पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली.

“बाबा, पुढच्या रविवारी भरती केव्हा आहे?”

मास्तरांनी वेळ सांगितली. ती त्यांना पाठच होती.

“सोडेन मी तुम्हाला इथे,” मेधा म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “काकू, तुम्ही मात्र दुकानातच बसायचं.”

मी मान हलवली. तळव्यांना शेवाळ लागलं होतं, ते वाळूत घासत उभी राहिले.